तपासलं, ठीक आहे

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं नेहमी जोडीने काम करतात. एक जण वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, दुसरा खाली खड्ड्यात, नाहीतर लिफ्टच्या टपावर. खालच्याने हाक दिल्याशिवाय वरच्याने बटणाला बोट लावायचं नाही, एवढा एकच नियम. तो मोडला तर चूक कुणाची हे सांगायला माणूस उरत नाही. म्हणून या कामात जोडीदार गोड नसला तरी चालतो, भरवशाचा लागतो.

मास्तर आणि घड्याळ ही जोडी सव्वीस वर्षं टिकली. मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. दिसेल त्याला शहाणपण शिकवायची त्यांना खोड होती, म्हणून मित्राने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मास्तरांनीही उट्टं काढलं. जो माणूस सव्वीस वर्षांत एकदाही वेळेवर आला नाही, त्याचं नाव त्यांनी घड्याळ ठेवलं. पुढे पुढे साहेबांनाही दोघांची खरी नावं लिहायची तर कागद शोधावा लागे.

मास्तरांचे गुडघे दहा वर्षांपूर्वीच कुरकुरायला लागले होते. तेव्हापासून वाकायची, रांगायची, खड्ड्यात उतरायची कामं घड्याळने आपणहून अंगावर घेतली. "तू बस वर सिंहासनावर. खालची प्रजा मी बघतो," म्हणायचा. काम झालं की रजिस्टरमध्ये तो लिहायचा, 'तपासलं, ठीक आहे', आणि त्याखाली मास्तर सही ठोकायचे.

तो गेला त्या मंगळवारी सकाळी मास्तर एका दवाखान्याच्या दारात हत्यारांची पेटी घेऊन उभे होते. आठची वेळ ठरली होती, पावणेनऊ वाजले. येणारीजाणारी माणसं पेटीला अडखळत होती. मास्तरांनी फोन लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर, कोण आहे काय आहे न बघता, खेकसले, "अरे, कुठे मेलास?"

हे वाक्य ते त्याला आठवड्यातून चारदा ऐकवत. "मेलो नाही, येतोय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. या वेळी पलीकडे कुणी बोलेना. मग त्याच्या बायकोचा आवाज आला. "भावोजी, मी बोलतेय."

सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला, तो उठलाच नाही. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

मास्तर त्या दिवशी त्याच्या घरी गेले, चार माणसं करतात ते सगळं त्यांनी केलं, पण वहिनींच्या समोर मात्र उभे राहिले नाहीत. पुढचे तीन आठवडे त्या घराच्या रस्त्यालाही फिरकले नाहीत. कुठल्या तोंडाने जायचं?

ऑफिसात दोन दिवसांची रजा मागितली तर कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "मयताशी नातं?"

"मित्र."

"तसं नाही हो मास्तर. आई, वडील, भाऊ, बायको... यातलं काही?"

"सव्वीस वर्षं त्याच्या हाकेवर बटण दाबलंय मी."

"ते खरं आहे," कारकून खरोखरच ओशाळून म्हणाला, "पण त्याला इथे रकाना नाही."

मास्तरांनी फॉर्म परत दिला आणि कामावर गेले.

मग शुक्रवारी शोकसभा झाली. तिथे मास्तरांचं डोकं आणखी फिरलं. साहेब म्हणाले, 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. स्टोअरवाला म्हणाला, असा शांत माणूस पुन्हा होणे नाही. ज्या पोरसवदा इंजिनियरला घड्याळ पाठीमागे 'पाठ्यपुस्तक' म्हणायचा, तोही डोळे पुसून म्हणाला की ते मला वडिलांसारखे होते. मास्तर मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं, आपण चुकीच्या माणसाच्या शोकसभेत आलोय. शेवटी साहेबांनी त्यांना उभं केलं. मास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तो कधीच वेळेवर यायचा नाही."

लोक हसले. कुणीतरी "वा" म्हणालं. मास्तर थांबले. त्यांना पुढे सांगायचं होतं की हसू नका, मी तक्रार करतोय, 'नाही' म्हणता येत नाही हा काही गुण नव्हे, त्यापायी या माणसाने स्वतःची आणि माझी किती फरफट केली ते ऐका. पण एकदा लोक गहिवरले की त्यांना काही ऐकू येत नाही. मास्तर खाली बसले.

नवी जोडीदार म्हणून दुसऱ्या शाखेतून एक बाई आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हातात कायम हातमोजे. सगळे त्यांना ताई म्हणत. आठच्या कामाला त्या पावणेआठला हजर असत आणि मास्तरांना त्याचाही राग यायचा. राग काढायला जागाच नाही, असा जोडीदार काय कामाचा?

याच सुमाराला सहामजली इमारतीतली ती जुनी लिफ्ट अडून बसली. लाकडी दारं, आतून लोखंडी जाळी, चालताना म्हाताऱ्यासारखी कण्हणारी. तिसरा मजला ओलांडला की मध्येच गचकन थांबायची. घड्याळ होता तोवर तिची कधी तक्रार नव्हती. आता आठवड्यात तीन तक्रारी. मास्तरांनी रिले बदलला, वायरी तपासल्या, ब्रेक बघितला. मशीन रूममध्ये सगळं ठणठणीत. खाली येऊन बघावं तर लिफ्ट चालू, आणि मास्तर कोपऱ्यावर पोचले की फोन, "पुन्हा अडकली हो!"

चौथ्या खेपेला ताई म्हणाल्या, "वरचं बघून झालं मास्तर. आता मी खाली उतरते." त्या खड्ड्यात उतरल्या. मास्तर दाराशी वाकून टॉर्च धरून उभे. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "मास्तर, इथे कुणी सायकलचं दुकान काढलं होतं का?"

त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या ओंजळीत रबराचे तुकडे होते. सायकलच्या ट्यूबचे, कात्रीने बोटभर कापलेले, चेपून पापड झालेले. काही नवे होते, काही इतके जुने की हातात घेताच भुगा झाला. "खाली याच्या तिप्पट पडलेत," ताई म्हणाल्या.

मास्तर गुडघ्यांची पर्वा न करता लिफ्टच्या टपावर चढले आणि तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी गेले. दाराचं बिजागर झिजून दार खाली लोंबलं होतं. लिफ्ट शेजारून गेली की धक्क्याने लॉकमधला विजेचा कॉन्टॅक्ट सुटायचा, आणि दार उघडलं असं समजून लिफ्ट जागच्या जागी थांबायची. लॉकच्या मागे रबर कोंबलं की कॉन्टॅक्ट दाबलेला राहायचा. पंधरा दिवसांनी रबर गळून खड्ड्यात पडायचं, की नवं कोंबायचं.

रबर कोंबलेलं असताना ते दार सताड उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटणार. दार उघडं, लिफ्ट पाचव्यावर, आणि मध्ये नुसती पोकळी. तिसऱ्या मजल्यावर शाळेत जाणाऱ्या दोन मुली राहत होत्या. धावतच दार ओढायच्या, हे मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी रजिस्टर मागवलं. पानांमागून पानं. 'तपासलं, ठीक आहे.' 'तपासलं, ठीक आहे.' सहा वर्षं. आणि प्रत्येक ओळीखाली मास्तरांची सही, वळणदार, शेपटीसकट.

"नालायक," मास्तर म्हणाले. "अरे, निदान मला तरी सांगायचं!"

हातमोजे काढून ताईंनी 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी शोधायला घेतली.

पाटी लागून दहा मिनिटं झाली नसतील, तोच जिन्यावरून पाचव्या मजल्यावरच्या काकू उतरून आल्या. सत्तरीच्या, ताठ. त्यांच्या यजमानांचे दोन्ही पाय गेली सात वर्षं चालत नव्हते. चाकाच्या खुर्चीतून त्यांना खाली न्यायचं तर लिफ्टच हवी.

"किती दिवस बंद?" काकूंनी विचारलं.

"या कंपनीची दारं आता बनत नाहीत. दोन महिने धरा."

"दोन महिने!" काकूंचा आवाज चढला. "तुमचे ते मित्र होते, ते असं नव्हते करत. त्यांनाही तुमच्यासारखंच वाटलं होतं सुरुवातीला, लिफ्ट बंद करावी लागेल म्हणून. मी म्हटलं, यांना घरात कोंडून ठेवू का? तेव्हापासून बिचारे एक रविवार सोडून एक रविवार स्वतः यायचे. पाच मिनिटांचं काम. तुम्हाला तेवढं करायला काय होतंय?"

"काकू, ते काम नव्हतं, तो खेळ होता. कुणीतरी खड्ड्यात पडलं असतं."

"सहा वर्षांत पडलं का कुणी?"

मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते द्यायला आधी कुणीतरी पडायला हवं होतं.

"त्यांना माणुसकी होती," काकू म्हणाल्या आणि एकेक पायरी मोजत वर गेल्या.

मास्तर पायरीवर बसून राहिले. त्यांचा जळफळाट झाला होता. चूक करणारा देवमाणूस ठरला आणि निस्तरणारा खलनायक! बरं, भांडावं तर भांडायला तो जागेवर नाही. हयात असता तर त्याची कॉलर धरून विचारलं असतं. त्यानेही मग डोकं खाजवत म्हटलं असतं, "अरे, सांगणार होतो. तू चिडशील म्हणून राहिलं." आणि मास्तर आणखी चिडले असते. मेलेल्या माणसाशी भांडण म्हणजे एका हाताची टाळी, आणि वर लोक म्हणणार, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये.

लॉक मिळवून दिलं ते ताईंनी. त्यांच्या जुन्या शाखेत तसलीच एक लिफ्ट मोडीत काढलेली होती. त्यांनी फोनवर फोन करून तिचं लॉक आणि बिजागरं अडगळीतून शोधून काढायला लावली. "दोन महिने कशाला?" त्या म्हणाल्या. "विचारलं की मिळतं." मास्तरांना हेही लागलं. सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मधल्या गुरुवारी काकांना हॉस्पिटलात तपासणीला न्यायचं होतं. काकूंनी तसा निरोप पाठवला, त्यात विनंती कमी आणि टोमणा जास्त. मास्तर आणि ताई गेले. हात असलेल्या एका खुर्चीत काकांना बसवलं, चादरीने बांधलं आणि दोघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक मजल्यावर मास्तरांचे गुडघे आईबहिणीवरून शिव्या घालत होते. तिसऱ्यावर त्यांनी खुर्ची टेकवली आणि भिंतीला पाठ लावली.

"टेका, टेका," काका म्हणाले. "मला घाई नाही. तपासून तरी काय निघणार आहे?"

काकू औषधांची पिशवी घेऊन पुढे गेल्या होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "तो तुमच्याबद्दल फार बोलायचा. म्हणायचा, मास्तरला कळलं तर तो आधी लिफ्ट बंद करील आणि मग माझ्याशी बोलणं बंद करील."

"बरोबर बोलायचा," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"मी दोनदा सांगितलं त्याला, मास्तरांना सांगून टाक. 'पुढच्या खेपेला सांगतो' म्हणाला." काका हसले. "आणि खरं सांगू? मला खाली-वर करायची हौस नाही. खिडकीतून सगळं दिसतं. हौस हिला. दोन महिने काय, चार महिने बंद ठेवली असती तरी मी काही बोललो नसतो. पण मला विचारलं कुणी?"

मास्तरांनी ताईंकडे बघितलं. ताई दुसरीकडे बघत ओठ दाबून हसू आवरत होत्या. मास्तरांना मात्र हसावं की डोकं आपटावं कळेना. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, त्याला तो नकोच होता!

"चला ताई, उचला," ते म्हणाले.

नवव्या दिवशी लिफ्ट चालू झाली. दार सरळ बसलं, लॉक खटकन लागलं, आणि दार थोडं जरी उघडलं तरी लिफ्ट हलेना. मास्तरांनी वीस वेळा ओढून बघितलं. रजिस्टरमध्ये त्यांनी आठ ओळी लिहिल्या, काय सापडलं, काय बदललं, सगळं. काकू पहिल्यांदा आत शिरल्या, पाचव्यावर जाऊन पुन्हा खाली आल्या आणि म्हणाल्या, "पूर्वी असा आवाज नव्हता येत."

मग जाता जाता त्यांनी पर्समधून एक चष्मा काढला. "हा तुमच्या मित्राचा. आमच्याकडे राहिला होता. त्यांच्या घरी द्या."

मास्तरांनी चष्मा ओळखला. याच चष्म्यावरून घड्याळने शेवटचा आख्खा आठवडा त्यांचं डोकं खाल्लं होतं. तूच कुठेतरी ठेवलास, तूच पेटीत टाकलास, तुझ्या शिस्तीने माझा चष्मा खाल्ला! मास्तरांनी तीन वेळा पेटी उपडी केली होती. आणि हा शहाणा रविवारी इथे चहा पीत बसायचा, आणि इथेच विसरला होता.

चष्मा द्यायला जाणं भाग होतं. शनिवारी दुपारी मास्तर त्या घरासमोर उभे राहिले. बेल वाजवायला त्यांना बराच वेळ लागला.

वहिनींनी दार उघडलं. थोडं वाळलेलं तोंड, पदर खोचलेला. "या," एवढंच म्हणाल्या.

मास्तर आत जाऊन खुर्चीच्या कडेला टेकले आणि पहिल्याच दमात म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी फोनवर जे बोललो..."

"त्याचं काय?"

"मला माहीत नव्हतं हो."

"तुम्हाला कसं माहीत असणार?" वहिनी समोर बसल्या. "भावोजी, सत्तर माणसं आली या घरात. सगळ्यांनी सांगितलं, देवमाणूस होते. मी सत्तर वेळा मान हलवली. त्या सकाळी तुम्ही एकटेच यांच्याशी नेहमीसारखे बोललात. मला उलट वाटत होतं, भावोजी येतील, दोन शिव्या देतील, बरं वाटेल. तर तुम्हीही गायब!"

मास्तरांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. लॉक, रबर, रजिस्टर, काकू, काका. सांगता सांगता त्यांचा आवाज चढत गेला. शेवटी आपण कुठे बसलोय याचं भान येऊन ते थांबले. वहिनींना रडू येईल असं त्यांना वाटलं.

वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरातून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तो त्यांनी टेबलावर आपटला. आत गॅसच्या गोळ्यांची पाकिटं होती, बहुतेक रिकामी. "हे बघा. चार महिने. छातीत दुखलं की एक गोळी. मी म्हणायची, डॉक्टरकडे चला. 'उद्या जाऊ.' डॉक्टर कुठे, तर दोन गल्ल्या सोडून! एकदा माझ्या हट्टापायी गेले, तपासणीची चिठ्ठी आणली, आणि ती खिशातच धुऊन निघाली. मुद्दाम ठेवली असणार. मला म्हणाले, बघ, अक्षरच गेलं, आता काय तपासणार?"

"शेवटी शेवटी जिन्यात प्रत्येक मजल्यावर खाली बसायचा," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "बुटाची लेस सुटली म्हणायचा. मी ओरडायचो, एकदा नीट गाठ मार म्हणून."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "भावोजी, यांच्या बुटांना लेस कुठे होती? ते नुसते पाय घालायचे बूट, दोन वर्षं तेच."

सव्वीस वर्षं मशीनचा बारीकसा आवाज बदलला तरी मास्तरांना कळायचं, आणि शेजारच्या माणसाचे बूट दिसले नव्हते. कारण ते स्वतः पुढे असायचे, चार पायऱ्या वर, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"मी मूर्ख," ते म्हणाले.

"तुम्ही मूर्ख, मी मूर्ख, आणि ते महामूर्ख," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "ते लॉक बसवायला किती दिवस लागले म्हणालात?"

"नऊ."

"नऊ दिवसांचं काम," वहिनी म्हणाल्या. "आणि डॉक्टरकडे पंधरा मिनिटं. सांगा, एवढा आळस असतो का माणसात?"

"आळस नाही हो तो. आळशी माणूस एक रविवार सोडून रबर कापायला जातो का? त्याला कुणाचं तोंड वाईट झालेलं बघवायचं नाही. माझं, तुमचं, त्या काकूंचं. आपण चिडलो की तो घाबरायचा."

"मग आता चिडलोय ना आपण? आता घाबरायला आहेत कुठे?"

वहिनींनी चहा टाकला. चहा झाला, पुन्हा झाला. वहिनींनी विसरलेल्या लग्नाच्या वाढदिवसांपासून सुरुवात केली. मास्तरांनी चुकलेल्या गाड्या काढल्या, दुसऱ्यांना कबूल केलेल्या आणि मास्तरांच्या गळ्यात मारलेल्या कामांची यादी काढली. एकदा हा पठ्ठ्या मशीन रूमची किल्ली आतच ठेवून दार ओढून आला होता, हे ऐकून वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यातून रडू आलं. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. ते रडणं त्यांनी थांबवलं नाही. त्यांचा स्वतःचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त आता तो एकट्याने वाहायचा नव्हता.

उन्हं उतरली तेव्हा मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. वहिनींनी डोळे पुसले, कप उचलले आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

"उद्याही या भावोजी," त्या म्हणाल्या. "माझं अजून निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही."